न दुखणारी कंबर

विठ्ठलरावांचं वर्षश्राद्ध झालं आणि योगिनी-ऋतुराजच्या घरातली एक मोठी सबब संपली.

शास्त्राप्रमाणे लग्न झालेल्या मुलीला वडिलांचं सुतक तीन दिवसांचं असतं. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा योगिनीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. चाळीस वर्षांहून जुना बाप आणि तीन दिवस. गॅसचं कनेक्शन बंद करायलाही याहून जास्त मुदत देतात. पण गुरुजींशी वाद घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने मनातल्या मनात स्वतःचं सुतक वर्षभराचं धरलं. सण नाही, गोडधोड नाही, नवी साडी नाही. ऋतुराज समजूतदार नवरा. त्याने हे वर्ष तिच्याहून काटेकोर पाळलं. दिवा मालवला की भिंतीकडे तोंड करून तो म्हणायचा, “झोप, दमली असशील.” योगिनीला भरून यायचं. सासऱ्यासाठी जावयाने एवढं व्रत धरल्याचं तिने कुठे वाचलं नव्हतं, आणि तिचं वाचन कमी नव्हतं. ठाण्यातल्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती.

वर्षश्राद्ध झालं. कपाटातून साडी निघाली, घरात श्रीखंड आलं. भिंतीकडचं तोंड मात्र वळेना.

मग एकदा ते वळलं, आणि वळलं नसतं तर बरं झालं असतं असं दोघांनाही वाटलं. ऋतुराज उठून बाल्कनीत कपडे वाळलेत का ते बघून आला. कपडे त्या दिवशी धुतलेच नव्हते.

रविवारी चहाच्या वेळी तिने विषय काढला.

“टेन्शन असेल,” ऋतुराज म्हणाला. “अप्रेझल आहे.”

“ते मार्चमध्ये झालं.”

“त्याचंच आहे.”

“वर्षभर?”

त्याने बिस्किट चहात धरलं आणि ते तळाला जाईपर्यंत बघत राहिला. “बाबा जायच्या आधीपासून आहे,” तो म्हणाला. “हळूहळू वाढत गेलं.”

म्हणजे ते व्रत नव्हतंच. योगिनीला आधी त्याचंच वाईट वाटलं, आणि मग आपल्याला नेमकं त्याचंच वाईट वाटावं याची लाज वाटली.

या विषयातलं ऋतुराजचं सगळं शिक्षण कल्याणला आजोळी जाताना रुळांलगतच्या भिंतींवर झालं होतं. तिथे पिवळ्या रंगात मोठमोठ्या अक्षरांत ‘निराश होऊ नका’ असं लिहिलेलं असे आणि खाली कोणा वैद्यांचा पत्ता असे. तो पत्ता लक्षात ठेवण्याची वेळ आपल्यावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. योगिनीने भिंतींचा विषय निघू दिला नाही. तिने फोन करून मूत्ररोगतज्ज्ञांची शनिवार सकाळची वेळ घेतली. “बी.पी.चा डॉक्टर असतो, तसा याचाही असतो,” ती म्हणाली. ऋतुराजला हे वाक्य पटलं नाही, पण त्याने जुन्या रिपोर्टांची फाइल शोधून ठेवली.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. पण माणसं लिफ्टमध्ये भेटतात, हा उंच इमारतींचा मूळ दोष आहे.

लिफ्टमध्ये कमलेश भेटला. ज्या जमिनीवर हा टॉवर उभा होता तिथे त्याच्या आजोबांची भातशेती होती. त्या बदल्यात कुटुंबाला इथे बरेच फ्लॅट मिळाले होते, आणि बाकीच्या मजल्यांवरची माणसं आपल्या शेतात राहायला आलेले पाहुणे आहेत, अशा मायेने तो सगळ्यांशी वागत असे. त्या मायेपुढे कोणाचं काही चालत नसे.

“काय दादा, सकाळी सकाळी जोडीने? फाइल घेऊन?”

“डॉक्टरकडे,” ऋतुराज म्हणाला. कमलेशच्या भुवया वरच राहिल्या, तेव्हा त्याने पुस्ती जोडली, “कंबर.”

कंबरच का, याचा शोध त्याने नंतर पुष्कळ घेतला. गुडघा म्हणता आलं असतं, डोळे म्हणता आले असते. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खऱ्यापासून फार लांब जात नाही. जवळच कुठेतरी थांबतो.

“कंबर, आणि रिक्षाने चाललाय?” कमलेश म्हणाला. “घोडबंदरच्या खड्ड्यांतून? वहिनी, तुम्ही तरी शिकलेल्या ना. गारीत बसा. माझ्या मेव्हण्याचा दोस्त हाडांचा डॉक्टर हाय, नंबर लावायला नको.”

“आमची अपॉइंटमेंट आहे दुसरीकडे,” योगिनी म्हणाली.

“कुठल्या डॉक्टरची?”

या प्रश्नावर शिकलेली योगिनी गप्प बसली, आणि दोघं मुकाट्याने गाडीत बसली.

चाळिशीनंतर कोणाच्याही पाठीचा फोटो काढला तर त्यात काहीतरी निघतंच. ऋतुराजच्याही निघालं. दोन मणक्यांमधली एक गादी जरा बाहेर डोकावत होती. हाडांच्या डॉक्टरांनी तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं, शेजारच्या तपासणी केंद्रात पाठवून एम.आर.आय. काढून आणवला, त्याहून गंभीरपणे पाहिलं, आणि करड्या रंगाचा रुंद पट्टा दिला. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत. ज्या डॉक्टरांकडे जायचं होतं त्यांची वेळ केव्हाच टळून गेली होती.

संध्याकाळपर्यंत सगळ्या टॉवरला कंबर कळली.

कमलेशची बायको रुपाली हळद, मेथी आणि आणखी कशाचा तरी गरम लेप घेऊन आली. तो वाळल्यावर ऋतुराज कुठल्याशा देवस्थानातल्या खांबासारखा दिसू लागला. तळमजल्यावरचे धोंडीबाकाका रोज येऊन बसत. आयुष्यभर जमिनीवर झोपल्यामुळे आपली पाठ कशी शाबूत राहिली ते सांगत आणि उठताना दोन्ही हातांनी दाराची चौकट धरत. ऑफिसने खास खुर्ची पाठवली. एक दिवस लिफ्ट बंद पडली तेव्हा कमलेशने गणपती मंडळाची चार पोरं बोलावली, प्लास्टिकच्या खुर्चीत ऋतुराजला बसवलं आणि सहाव्या मजल्यावर नेलं. तिसऱ्या मजल्यावर एकाच्या तोंडून सवयीने ‘मोरया’ निघालं, पण बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. जिना चढताना ऋतुराजला धाप लागते का, हे कळायची एकुलती एक वाट या खुर्चीने बंद केली. ते योगिनीच्या लक्षात यायला वेळ लागला.

खरं म्हणजे ऋतुराज या दिवसांत सुखात होता. पाठदुखीला समाजात स्थान आहे. ती चारचौघांत सांगता येते, तिच्यावर सगळ्यांकडे औषध असतं, ती झालेल्या माणसाला उठून जागा देतात. डॉक्टरांची नवी वेळ घ्यायचं योगिनीने दोनदा सुचवलं. “आधी हे पट्ट्याचं होऊ दे,” तो म्हणाला. पुढे पुढे त्याची कंबर थोडी दुखूही लागली. एक अवयव तरी सांगितलेलं ऐकू लागला, असं योगिनीच्या मनात आलं. ते तिने बोलून दाखवलं नाही.

मधल्या एका रविवारी ती डोंबिवलीला आईकडे गेली. मंदाकिनीबाई दोन खोल्यांच्या त्याच जागेत एकट्या राहत होत्या. जमिनीवर कागद पसरून मेथी निवडत बसल्या होत्या.

“ऋतुराजची कंबर कशी आहे?”

“बरी आहे.”

मंदाकिनीबाईंनी आणखी चार काड्या निवडल्या. “दुखते का खरंच?”

“म्हणजे?”

“तुझ्या बाबांचीही कंबरच होती.”

“माहीत आहे. मीच नव्हती का गादी आणून दिली.”

“हो. चांगली गादी होती.” त्यांनी एक पिवळं पान बाजूला ठेवलं. “त्यांची कंबर कधीच दुखली नाही.”

योगिनीने हातातली जुडी खाली ठेवली.

“त्यांना वाटलं, मला काय वाटेल,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या मेथीशीच बोलत होत्या. “मला वाटलं, मी विचारलं तर त्यांना काय वाटेल. मग ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. तू येऊन विचारलंस, बाबा बाहेर का. ते म्हणाले, कंबर. तू दुसऱ्याच आठवड्यात ती महागाची गादी घेऊन आलीस. मग काय, दुखायलाच हवी होती.”

“डॉक्टरांना नाही दाखवलंत?”

“यासाठी? त्या वयात?”

“हे त्यांच्या... हे किती आधी, आई?”

“जायच्या आधी तीनेक वर्षं असतील. का गं?”

योगिनीने खाली ठेवलेली जुडी पुन्हा उचलली. विठ्ठलराव भाजीवाल्यापुढे उभे असताना गेले होते, हातात सुटे पैसे घेऊन. त्याआधी छातीत एकदाही दुखलं नव्हतं. लोक अशा वेळी पोथी वाचतात, योगिनीने वर्षभर हृदयविकारावरची पुस्तकं वाचली होती. त्यांतल्या एकात असल्या अडचणीचा हृदयाशी संबंध जोडणारा एक परिच्छेद होता. सगळा तिला आठवला नाही, कारण तिने तो अर्ध्यावर सोडून पान उलटलं होतं. आपल्या वडिलांविषयी असलं काही वाचायचं नसतं.

घरी आल्यावर तिने ऋतुराजला पट्टा काढायला सांगितला आणि आईने सांगितलेलं आणि त्या परिच्छेदात वाचलेलं सगळं सांगितलं. त्याने पट्टा काढला. “पण माझ्या छातीत काही होत नाही,” तो म्हणाला.

“त्यांच्याही होत नव्हतं.”

मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. केळुसकर म्हणजे बाई असतील, हे ऋतुराजने गृहीत धरलेलं नव्हतं. दारात त्याचं पाऊल थबकलं, पण मागे योगिनी होती.

“अचानक सुरू झालं की हळूहळू?” बाईंनी विचारलं.

“हळूहळू.”

“सकाळी जाग येते तेव्हा कसं असतं?”

ऋतुराजने भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे पाहून उत्तर दिलं. सगळी उत्तरं त्याने त्या मूत्रपिंडालाच दिली.

“सिगारेट?”

“सोडली.”

“केव्हा?”

“तशी सोडलेलीच आहे,” तो म्हणाला, आणि योगिनीला नवऱ्याविषयीची दुसरी बातमी कळली.

“जाहिरातीतलं चूर्णबिर्ण काही?”

“नाही.” मग थांबून, “एकच डबी.”

“ती टाकून द्या. त्यात काय मिसळलेलं असतं ते बनवणाऱ्याला तरी ठाऊक असतं की नाही, देव जाणे.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, याची कारणं पुष्कळ. ताण असतो, मन उदास असतं. साखर, रक्तदाब. काही गोळ्यांनी होतं, कधी हार्मोन कमी पडतं. मनामुळे असेल तर बहुधा एकाएकी सुरू होतं, आणि सकाळी सगळं ठीक असतं. तुमचं तसं दिसत नाही. तुमच्याकडे रक्त पुरेसं पोचत नाहीये. तिथल्या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक. आत चरबीचा थर साचायला लागला की बारीक नळी आधी तक्रार करते. मोठी नंतर करते, आणि कधी कधी एकदाच करते.”

ऋतुराजने मूत्रपिंडावरून नजर काढली आणि बाईंकडे पाहिलं.

“गोळी आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “चांगली आहे, बऱ्याच जणांना लागू पडते. नाही पडली तर पुढचे उपायही आहेत. पण हृदय तपासल्याशिवाय मी ती देणार नाही. आधी रक्त तपासा, मग पळायच्या पट्ट्यावरची टेस्ट.”

“माझ्या वडिलांचंही असंच होतं,” योगिनी म्हणाली.

“तुमच्या वडिलांचा यांच्या रक्ताशी काही संबंध नाही.” बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “लपवायची सवय मात्र तीच दिसते.”

टेस्टच्या दिवशी पार्किंगमध्ये कमलेश उभाच होता. “पट्टा कुठं?” असं विचारून त्याने दोघांना गाडीत घातलं. ते तपासणीला चाललेत एवढंच त्याला सांगितलं. केंद्र तेच होतं, पाठीचा एम.आर.आय. काढलेलं. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर टाकला, आणि संगणकाने ऋतुराजला लगेच ओळखलं.

“सर, तुमच्या नावावर स्पाइनचा रिपोर्ट आहे. ट्रेडमिलवर नाही घेता येणार. ऑर्थोच्या डॉक्टरांकडून फिट असल्याचं लिहून आणा.”

योगिनीने तिथूनच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं की सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय असं लिहून देणं त्यांच्या पेशंटच्या हिताचं नाही. पेशंटची इतकी काळजी करणारा डॉक्टर मिळणं कठीण असतं.

“बरोबर बोलते ना ती पण,” कमलेश म्हणाला. “दादा, असली कंबर घेऊन पळायला निघालास? डोकं ठिकाणावर हाय का? वहिनी, तुमी पण.”

अशा रीतीने लिफ्टमध्ये बोललेला एक शब्द आता तपासणी केंद्राच्या दारात आडवा पडला होता, आणि त्याच्या बाजूने संगणक, हाडांचे डॉक्टर आणि सख्खा शेजारी असे तिघे उभे होते. ऋतुराजच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव आले. योगिनीने ते पाहिले. “राहू दे मग,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात बघू.” आणि तो दाराकडे वळलाही.

बाकांवर दहाबारा माणसं नंबरची वाट बघत होती. वरचा टीव्ही मुका होता, त्यामुळे त्यांना दुसरं काही ऐकायला नव्हतं.

“ऋतुराज,” योगिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “या वेळी मी गादी आणणार नाही.”

तो थांबला. दाराच्या काचेवर ठेवलेला हात त्याने काढून घेतला. मग परत काउंटरशी आला.

“माझ्या पाठीला काही झालेलं नाही,” तो मुलीला म्हणाला. “कधीच नव्हतं झालं. मी खोटं बोललो.”

“मग टेस्ट कशासाठी आहे सर?”

“मला...” त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. “नवरा-बायकोच्या संबंधात अडचण आहे. ताठरता येत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, ते हृदयामुळे असू शकतं.”

बाकावरच्या एका आजोबांनी हातातलं वर्तमानपत्र अगदी सावकाश, आवाज न करता खाली घेतलं. मुलीने स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत शोधलं. “सर, याला इथे ऑप्शनच नाहीये,” ती म्हणाली. “मी ‘इतर’ टाकते.”

कमलेश गाडीच्या किल्लीकडे बघत होता.

“म्हणजे कंबर नव्हतीच,” तो अखेर म्हणाला.

“नाही.”

“आन आम्ही तुला खुर्चीवरून नेला.”

“हो. सॉरी.”

“ते ऱ्हाऊ दे.” त्याने आवाज खाली आणला. “याचा छातीशी काय संबंध?”

आणि घरात हा शब्द उच्चारायला ज्याला वर्ष पुरलं नव्हतं, त्या ऋतुराजने तिथेच उभ्या उभ्या कमलेशला नळ्या समजावून सांगितल्या. बारीक कुठल्या, मोठ्या कुठल्या, थर कसा साचतो, साखरेने काय होतं, सिगारेटने काय होतं. वर्तमानपत्रवाले आजोबा थोडे पुढे सरकून बसले.

“म्हणजे आधी ते, मग हे.”

“सगळ्यांचं नाही. पण होऊ शकतं.”

“किती वर्षांनी?”

“दोन, तीन. पाचही.”

कमलेशने मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची सगळी यजमानकी उतरली. मग तो काउंटरवर वाकला. “ताई, माझं पण नाव घाल,” तो म्हणाला. “आन काय झालंय म्हणून इचारू नको. तेच ‘इतर’ टाक.”

पाठीचं पुढे डॉ. केळुसकरांनी फोनवर मिटवलं. केंद्राच्या डॉक्टरांनी ऋतुराजला ओणवं करून, वळवून, पाय उचलायला लावून पाहिलं आणि पळायच्या पट्ट्यावर चढवलं. काचेपलीकडे योगिनी उभी होती. ऋतुराज चालायला लागला. छातीवर वायरी, अंगात ऑफिसची पँट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. त्याने तिच्याकडे पाहून हात हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा आतल्या माणसाने त्याला दांडी धरायला सांगितलं. पट्टा चढाला लागला. ऋतुराज पळत राहिला. त्याला काहीही दुखत नव्हतं, आणि कागदावरच्या हृदयाच्या रेघा खाली खाली जात होत्या. आतल्या माणसाने त्या पाहिल्या आणि मशीन बंद केलं.

दोनच दिवसांनी अँजिओग्राफी झाली. एक मुख्य नळी जवळजवळ बुजली होती. तिथे स्टेंट बसला. हृदयाचे डॉक्टर मितभाषी होते. बाहेर येऊन त्यांनी योगिनीला “वेळेत आलात” एवढंच सांगितलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. ती बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिली. वर्षभर न आलेलं रडू तिला तिथे आलं, आणि ते नक्की कोणासाठी आहे हे तिला ठरवता येईना.

कमलेशच्या हृदयात काही निघालं नाही. साखर मात्र भरपूर निघाली. त्याने ऋतुराजची गोष्ट गुप्त ठेवायची शपथ घेतली आणि पाळलीही. म्हणजे त्याने ती फक्त कोलशेतच्या आपल्या भावकीत सांगितली, आणि भावकीतले काहीजण याच टॉवरमध्ये राहत. त्यानंतर त्या केंद्रावर ‘इतर’ कारणासाठी येणाऱ्या धडधाकट पुरुषांची संख्या वाढली म्हणतात. टॉवरमध्ये मात्र ऋतुराजकडे बघण्याची तऱ्हा बदलली. कंबर होती तेव्हा लोक थांबून चौकशी करत, आता लिफ्टमध्ये मजल्यांच्या आकड्यांकडे बघत. रुपालीचा लेप बंद झाला. धोंडीबाकाका एकदा येऊन बसले, बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून राहिले आणि काहीही न विचारता गेले. ऋतुराजला ते लागलं. पण तो सकाळी चालायला जाऊ लागला, सिगारेट खरोखरीची सुटली, आणि काही महिन्यांनी, हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, केळुसकर बाईंनी ती गोळीही लिहून दिली. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या औषधाबरोबर ती कधीही घ्यायची नाही, असं दोघांकडून म्हणवून घेतलं. तिचा उपयोग झाला की नाही हे टॉवरला कळलं नाही. त्या वर्षातली तेवढीच एक गोष्ट झाकलेली राहिली.

मंदाकिनीबाई जावयाला बघायला घोडबंदरला आल्या, तेव्हा तो चालायला गेला होता. त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या. योगिनीने त्यांना सगळं सांगितलं. नळ्या, थर, स्टेंट.

“म्हणजे शरीर आधी कळवतं,” सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या.

“कधी कधी.”

“मग तेव्हा यांना नेलं असतं तर.”

योगिनीला उत्तर माहीत होतं. नक्की असं नाही, पण पुस्तकांत जितकं असतं तितकं. अर्धवट सोडलेला तो परिच्छेद आता तिला पाठ होता.

“नाही आई,” ती म्हणाली. “बाबांचं वेगळं होतं. त्यांचं वयाचं होतं.”

“तुला कसं माहीत?”

“वाचलंय मी.”

मंदाकिनीबाईंनी मान वर करून मुलीकडे नीट पाहिलं.

“खोटं बोलताना तू अगदी त्यांच्यासारखी दिसतेस,” त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघू लागल्या. खाली गाड्यांची रांग जागची हलत नव्हती. “पण सांग परत एकदा. काय होतं त्यांचं?”

“वयाचं, आई,” योगिनी म्हणाली.